पाहुण्यांचं इंजिन

"आधी हे ठरवू या, की ते गेलंय कशानं," उपळेकर सर म्हणाले.

सर बोलत होते ते इंजिनाबद्दल. आप्पा, माझे वडील, हृदयविकाराच्या झटक्यानं गेले होते आणि त्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. इंजिनाबद्दल मात्र तीन मतं होती, कारण टेबलाभोवती आप्पांचे म्हातारे मित्र तीन होते.

टेबल आईचं, जेवणाचं. त्यावर पंचा अंथरलेला आणि पंचावर आप्पांचं हिरवं इंजिन चाकं वर करून मेलेल्या झुरळासारखं उताणं पडलेलं. लांबीला वीतभर. खऱ्या वाफेच्या इंजिनाची हुबेहूब नक्कल, फक्त पोटात कोळशाऐवजी बोटाच्या पेराएवढी विजेची मोटर. पाच वाजता आप्पांची श्रद्धांजली सभा होती. हॉलमध्ये त्यांच्या फोटोभोवती रुळांचा गोल मांडून तयार होता, मालगाडीच्या डब्यांत झेंडूची फुलं भरून झाली होती, आणि ती गाडी ओढायची जबाबदारी ज्याच्यावर होती ते इंजिन करंट दिला की नुसतं गुरगुरत होतं. चाक जागचं हलत नव्हतं.

"तेल कमी पडलंय," शेटेकाका म्हणाले. त्यांचा सांगलीत तेलाचा घाणा. जगातल्या कुठल्याही दुखण्याचं निदान ते असंच करत. "दोन थेंब खोबरेल सोड की. एवढा काय विचार करायचा?"

"खोबरेल!" सरांनी कपाळावर हात मारला. "शेटे, हे इंजिन आहे. न्हायला बसवलेलं पोर नाही. इतकी वर्षं आप्पा ह्यात मी दिलेलं घड्याळाचं तेल घालत आलाय. माझ्या डोळ्यांदेखत."

"आणि माझ्या डोळ्यांदेखत खोबरेल घालत आलाय!"

मणेरचाचा इतका वेळ गप्प होते. त्यांचं टेलरिंगचं दुकान होतं आणि माणसाकडे बघताना त्यांची नजर आपोआप खांद्यापासून मनगटापर्यंत माप घ्यायची. ते हळूच म्हणाले, "दोघंबी चुकताय. आप्पासाहेब शिवणाच्या मशीनचं तेल घालायचे. बाटली माझ्याच दुकानातली."

मग तिघांनी पिशव्यांतून तीन बाटल्या काढल्या, इंजिनाच्या उशाशी ठेवल्या आणि माझ्याकडे बघितलं.

"शैला, तू सांग," सर म्हणाले. "तू डॉक्टर आहेस."

मी दातांची डॉक्टर. कोल्हापुरात माझा दवाखाना आहे. दात कोरायचं जे यंत्र असतं त्याला आम्ही हँडपीस म्हणतो. ते मिनिटाला काही लाख फेरे घेतं आणि त्याला रोजच्या रोज तेल द्यावं लागतं. नाही दिलं तर ते पेशंटच्या तोंडातच किंचाळायला लागतं आणि मग पेशंटही. थोडक्यात, बारीक यंत्राला तेल देणं हा माझा रोजचा उद्योग. आप्पांना माझ्या शिक्षणात रस वाटला तो एवढ्याच एका मुद्द्यावर, असं मी तेव्हा मानत होते.

आप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि निवृत्तीनंतर माणसं जी शहाणपणाची कामं करतात त्यांपैकी एकही त्यांनी केलं नाही. देवाधर्माला लागले नाहीत, शेअर बाजारात गेले नाहीत, कुणाची लग्नं जमवली नाहीत. विश्रामबागेतल्या आमच्या घराच्या हॉलमध्ये त्यांनी प्लायवूडचं भलंमोठं टेबल ठोकून घेतलं आणि त्यावर छोटी रेल्वे उभी केली. लोकांच्या घरी सोफा असतो तिथे आमच्याकडे घाट होता. बोगदा होता, सिग्नल होते, स्टेशनवर सुपारीएवढी माणसं गाडीची वाट बघत वर्षानुवर्षं उभी होती. आईनं सुरुवातीला विरोध केला. मग एकदा तिनं बोगद्यावर पापड वाळत घातले आणि तेव्हापासून दोघांचं जमलं.

माझं मात्र त्या रेल्वेशी कधी जमलं नाही. त्याला कारण होतं.

माझं लग्न पुण्याला झालं होतं आणि पुण्यातच मोडलं. मी सांगलीला न येता कोल्हापुरात खोली घेतली, दवाखाना थाटला. आई येऊन चार दिवस राहून रडून गेली. आप्पा आले नाहीत. फोनवर 'कशी आहेस' म्हणायचे, मी 'बरी आहे' म्हणून ठेवायचे; बाकी काही विचारलं नाही, बरं-वाईट बोलले नाहीत. मग दर रविवारी सकाळी त्यांचा फोन ठरल्यासारखा यायला लागला. त्यातला पहिला आला. म्हटलं, आता विचारतील.

"शैला," ते म्हणाले, "तुझं ते हँडपीसचं तेल नायलॉनच्या दात्यांना चालेल का?"

त्यानंतर दर रविवारी हेच. तेल मोटरला वीज पोचवणाऱ्या ब्रशवर गेलं तर काय होतं? ग्रीस आणि तेल एकाच ठिकाणी चालतं का? दोन निराळी तेलं एकत्र झाली तर एकमेकांशी भांडतात का? माझं घर बुडत होतं आणि माझा बाप मला वंगणाचे प्रश्न विचारत होता. मी उत्तरं द्यायचे. आधी तुटक, मग जरा लांब, कारण प्रश्न एवढे चमत्कारिक असायचे की उत्तर द्यायला पुस्तक उघडावं लागायचं. पण फोन ठेवला की दर वेळी वाटायचं, ह्या माणसाला मी म्हणजे एक तेलाची बाटली आहे, पाय फुटलेली.

असो. तर पंचावरचं इंजिन.

"काका," मी म्हटलं, "दात दुखत असला तर आम्ही आधी तोंड उघडून बघतो. मग औषध."

मी गाडीतून माझी हत्यारं आणली. खालचे दोन स्क्रू काढले, झाकण उचललं, आणि तिघांनी एकदम माना आत घातल्या. मला माझेच हात दिसेनात.

"सरका जरा. इथे नातेवाइकांना परवानगी नसते."

आत जे होतं ते मी माझ्या उभ्या आयुष्यात फक्त तंबाखू खाणाऱ्यांच्या दाढांत बघितलंय. दात्यांभोवती तपकिरी, चिकट थर. बाभळीच्या डिंकासारखा. तेल कमी पडलेलं नव्हतंच. तेल एवढं झालं होतं की इंजिन त्यात रुतून बसलं होतं. मी आकड्यानं एक ढलपी काढली आणि पंचावर ठेवली. सरांनी ती वास घेऊन बघितली.

"खोबरेल," ते म्हणाले. आवाजात दुःख होतं, विजय नव्हता.

"म्हटलं नव्हतं?" शेटेकाका फुलले. "घालायचाच तो!"

मी खालची ढलपी काढली. ती पिवळी, पातळ होती. मणेरचाचांनी बोटाला लावून चोळली. "मशीनचं. ते वाळलं की असं होतं." आणखी खाली, मोटरच्या टोकाशी, घड्याळाच्या तेलाचा तो विशिष्ट वास. सरांनी चष्मा काढून पुसला. आणि अगदी कोपऱ्यात माझ्या ओळखीचं काहीतरी निघालं. हँडपीसचं तेल. बाटली मीच दिली होती, एका दिवाळीला.

"सगळ्यांचंच घातलंय," शेटेकाका म्हणाले. "एकाच इंजिनात. हे काय करून ठेवलंय?"

"आप्पा असा माणूस नव्हता," सर म्हणाले. "तो दोन तेलं मिसळणाऱ्यातला नव्हता. त्याला यातलं कळत होतं."

आई दारात उभी होती. हातात चहाचा ट्रे. ती कधीपासून उभी होती कुणास ठाऊक.

"ते पाहुण्यांचं इंजिन आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे पाहुण्यांचं. तुमचं. तुम्ही आलात की तेच काढायचे ना ते? बाकीच्या इंजिनांना कधी हात लावू दिलाय तुम्हाला?"

तिघांनी आठवून बघितलं. तिघांचेही चेहरे एकाच वेळी पडले.

"तुम्ही बाटल्या घेऊन यायचा," आई कप मांडत सांगत होती. "नाही म्हणवायचं नाही त्यांना. म्हणायचे, एवढ्या प्रेमानं आणतात, एक इंजिन त्यांच्या नावाचं ठेवलं तर काय बिघडलं? सरांनी घड्याळाचं तेल घातलं, की सर गेल्यावर बसायचे कापूस आणि काड्या घेऊन. सगळं पुसून काढायचे. दुसऱ्या दिवशी शेटे यायचे खोबरेल घेऊन. परत पुसणं. गेल्या वर्षी हात थरथरायला लागले, मग पुसणं होईना. घालून मात्र घेत राहिले."

"आणि बाकीची इंजिनं?" सरांनी विचारलं.

"त्यांना मुंबईहून मागवलेली बारकी बाटली आहे. प्लास्टिकला चालणारी. सुईच्या टोकानं एकेक थेंब. ती कधीच कुणाला दाखवली नाही त्यांनी."

चहाचे कप तसेच राहिले. खरं सांगायचं तर मला हसू फुटत होतं. तीन म्हातारे वर्षानुवर्षं एकमेकांना हरवत होते आणि तिघांनाही एकाच डब्यात बसवून माझ्या बापानं निवांत फिरवून आणलं होतं. मी तोंडावर हात ठेवला, पण आवाज आला तो आलाच.

शेटेकाका उठले. "चला. आपली बाटली घेतो मी. सभेला दुसरं कुणी बोलू दे. मला काय बोलायचं सुचत नाही."

"शेटे, बसा," मणेरचाचा म्हणाले.

"कशाला बसू? त्यानं माझा पोपट केला की हो! माझ्या खोबरेलाचं कौतुक काय करायचा! 'शेटे, इंजिन कसं लोण्यासारखं पळतंय बघा.' आणि पाठीमागं कापूस घेऊन बसत होता!"

सर उठले नाहीत, पण त्यांचा चेहरा लाल झाला होता. ते एकदम माझ्याकडे वळले.

"तू हसतेस? तुझंही तेल निघालंय आतून, दिसलं ना? तू काय समजतेस, दर रविवारी तुला तो खरोखरच सल्ला विचारायचा?"

"सर, नको," मणेरचाचा म्हणाले.

"का नको? आज सगळंच बाहेर पडतंय तर पडू दे! अगं, त्याला सगळी उत्तरं येत होती. तेलातलं तुझ्यापेक्षा जास्त कळत होतं त्याला. प्रश्न आम्ही काढून द्यायचो."

मला काही समजलं नाही. "कसले प्रश्न?"

"रविवारचे! शनिवारी संध्याकाळी बसायचो आम्ही इथेच. प्रश्नपत्रिका काढल्यासारखे. पस्तीस वर्षं भूगोल शिकवला मी, पण एवढी डोकेफोड बोर्डाच्या पेपरला केली नाही."

मी मणेरचाचांकडे बघितलं. तिघांत खोटं न बोलणारे ते एकटेच. आणि त्यांनी मान खाली घातली होती.

"चाचा?"

"बेटी, तुझं ते सगळं झालं ना पुण्याचं," ते सावकाश बोलू लागले, "तवा आप्पासाहेब आमच्यासमोर बसले आणि म्हणाले, 'मी पोरीला फोन करतो, कशी आहेस विचारतो. ती म्हणते बरी आहे. आणि ठेवते. बापानं पुढं काय विचारायचं असतं?' आता आम्हाला तरी काय माहीत? माझे तर चारी मुलगे. शेटे म्हणाले, तिला येतंय असं काहीतरी विचारा. जे सांगायला वेळ लागतो. मग पाच-दहा मिनटं तरी आवाज ऐकू येईल."

"ते नायलॉनचं कुणाचं होतं?" मी विचारलं.

"सरांचं. पहिलंच होतं. तू दोन वाक्यांत उडवलंस. सर फार नाराज झाले."

"सोपा निघाला," सर पुटपुटले. राग उतरला होता आणि जे बोलून गेलो ते बोलायला नको होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"ब्रशवर तेल गेलं तर काय, हे माझं," मणेरचाचा म्हणाले. "त्याला तू वीस मिनटं घेतलीस. दुसऱ्या दिवशी आप्पासाहेबांनी आम्हाला सगळं सांगितलं. शब्दन् शब्द. मधे तू एकदा हसलीस म्हणे. ते कुठं हसलीस, कसं हसलीस, ते पण."

शेटेकाका अजून उभेच होते, बाटली काखोटीला मारून. "आणि दोन तेलं भांडतात का, हे कुणाचं, ते सांगा की."

"तुमचं," मी म्हटलं.

"माझंच! लोक हसले होते त्याला. सर म्हणाले होते, असला अडाणी प्रश्न नको. पण डॉक्टरीणबाईंनी त्याच्यावर पुढच्या रविवारीसुद्धा उत्तर दिलं. दोन रविवार चालला माझा प्रश्न!"

ते खरं होतं. त्या प्रश्नासाठी मी दवाखान्यात दोन बश्यांत तेलं मिसळून ठेवली होती आणि आठवडाभर बघत बसले होते. त्या आठवड्यात मी रात्रीची झोपेची गोळी घ्यायला विसरले. तेव्हा ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

मी उठून बेसिनपाशी गेले आणि उगाचच हात धुतले. आई माझ्याकडे बघत नव्हती. ती शेटेकाकांच्या काखेतली बाटली काढून घेऊन परत टेबलावर ठेवत होती.

"तुला माहीत होतं?" मी तिला विचारलं.

"शनिवारी चहा कोण करत होतं?" ती म्हणाली.

पाच वाजायला फार वेळ उरला नव्हता. मी पुन्हा खुर्चीवर बसले. स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस घेऊन एकेक दाता साफ केला, आसांची टोकं साफ केली, मोटरच्या तोंडाशी बसलेली काजळी खरवडली. तिघं तीन बाजूंनी बसले होते आणि मी कापूस टाकला की सर नवा पुढे करायचे, ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टरसारखे. इंजिन कोरडं ठणठणीत झालं. मुंबईची बारकी बाटली आईनं कपाटातून काढून माझ्या कोपराशी आणून ठेवली होती. सुईसुद्धा आणली होती.

काय घालायचं हे मला पक्कं माहीत होतं. मुंबईच्या बाटलीतला एक थेंब मोटरच्या टोकांना, प्रत्येक आसाला त्याहून कमी, दात्यांना चिमटीत मावणार नाही एवढं ग्रीस. बास. याहून जास्त घालणारा माणूस इंजिनाचा शत्रू.

मी ती बाटली बाजूला सारली.

"सर," मी म्हटलं, "मला एक सांगा. आसाला कुठलं घालू?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मग घसा साफ केला.

"आसाला," ते म्हणाले, "घड्याळाच्या तेलाशिवाय दुसरं काही घालणं म्हणजे गुन्हा आहे."

"कुणी सांगितलं?" शेटेकाका खुर्ची ओढून बसले. "घड्याळाला वजन असतंय का? ह्याच्या मागं डबे आहेत, फुलं आहेत. ह्याला जड तेल पाहिजे."

"जड म्हणजे खोबरेल? थंडीत गोठतं ते!"

"आत्ता काय थंडी आहे व्हय?"

"मशीनचं तेल ना जड, ना हलकं," मणेरचाचा म्हणाले. "मधलं."

त्यावर जे भांडण झालं ते मी सविस्तर सांगत नाही. त्यात भूगोल आला, ऑलिंपिक आलं, सरांच्या घरचं कधीच वेळेवर न चालणारं घड्याळ आलं, आणि शेटेकाकांच्या घाण्यातल्या भेसळीबद्दल सरांनी असं एक विधान केलं जे एरवी कोर्टात गेलं असतं. पंधरा दिवसांत त्या घरात एवढा मोठा आवाज झाला नव्हता. शेवटी समझोता झाला. पुढच्या आसाला घड्याळाचं, मधल्याला मशीनचं, मागच्याला खोबरेल. मी सुईनं थेंब ठेवले. शेटेकाका म्हणाले, "आणखी एक सोड," आणि मी सोडला.

सभेला हॉल भरला होता. ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले. त्यांना आप्पांचं नाव नीट ठाऊक नव्हतं, पण श्रद्धांजलीचा दांडगा सराव होता. आप्पांच्या रूपानं एक वटवृक्ष कोसळला, एक दीपस्तंभ विझला, असं बरंच काही बांधकाम आणि झाडतोड त्यांनी केली. इकडे शेटेकाकांनी रेग्युलेटरचं बटण फिरवलं, आणि हिरवं इंजिन निघालं.

चाललं. खरोखर चाललं. झेंडूनं भरलेले डबे ओढत ते आप्पांच्या फोटोमागून गेलं, वळून पुढे आलं. लोकांनी माना वळवल्या. सरांनी मणेरचाचांचा हात धरला. दुसरा फेरा झाला, तिसरा झाला. अध्यक्ष म्हणाले, आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या.

सगळे उभे राहिले. शेटेकाकाही उभे राहिले, दोन्ही हात जोडून, डोळे मिटून. बटण बंद करायचं त्यांच्याकडे होतं आणि ते शाळेत शिकवल्यासारखे सरळ उभे होते.

तोवर खोबरेल रुळांवर उतरलं होतं. इंजिन बरोबर फोटोच्या पुढ्यात आलं आणि चाकं घसरायला लागली. गाडी थांबली, चाकं नाही. त्या गच्च शांततेत घर्रर्रर्र असा आवाज सुरू झाला. चाकं जागच्या जागी गरगरत होती, रुळांवरून तेलाचे शिंतोडे उडत होते, आणि हॉलभर कुणीतरी डोकं चोळून घेत असल्यासारखा खोबरेलाचा वास सुटला होता. अध्यक्षांनी एक डोळा उघडला. मी शेटेकाकांना कोपरानं ढोसलं. त्यांना वाटलं मला गहिवरून आलंय. त्यांनी डोळे न उघडता माझ्या पाठीवरून हात फिरवला.

पहिलं हसली ती आई. तिनं पदर तोंडाला लावला म्हणून लोकांना वाटलं रडतेय, दोन बायका तिला धरायला पुढे झाल्या. मग खांदे कसे हलतायत ते त्यांना दिसलं. मग मणेरचाचा. मग सर, जे हसताना शिट्टीसारखा आवाज काढतात. दोन मिनिटं संपायच्या आत ती सभा हाताबाहेर गेली होती. अध्यक्ष चहा न घेता गेले.

लोक पांगले. आईनं उप्पीट टाकलं. तिघं म्हातारे प्लायवूडच्या टेबलाशी खुर्च्या ओढून बसले होते, मी खाली जमिनीवर, रूळ पुसत. उजेड अजून होता.

"आता एक विचारू का?" शेटेकाका म्हणाले.

"तेलाबद्दल?"

"नाही. आम्ही एवढी वर्षं प्रश्न काढले. खरा प्रश्न एकच होता, तो विचारायची छाती आमच्यात कुणाचीच झाली नाही. आप्पाची तर नाहीच." त्यांनी सरांकडे बघितलं. सरांनी नको म्हणून मान हलवली. त्यांनी तिकडे दुर्लक्ष केलं. "डॉक्टरीणबाई, तुमचं लग्न मोडलं कशानं हो?"

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हातात उलथनं तसंच.

हे मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. वकिलानं विचारलं होतं, पण त्याला कलमात बसणारं उत्तर हवं होतं. बाकी सगळे माझी काळजी घेत होते, म्हणजे विषय टाळत होते.

मी सांगितलं. माझ्या नवऱ्याची, निशिकांतची, नोकरी गेली होती आणि ते त्यानं मला वर्षभर सांगितलं नव्हतं, हे सांगितलं. रोज सकाळी तो ऑफिसला म्हणून निघायचा आणि कोथरूडला एका बाईच्या घरी जाऊन बसायचा. मी रोज डबा द्यायचे. काही दिवसांनी म्हणाला, जरा जास्त दे, ऑफिसात एकजण माझ्यातलं खातो. मी जास्त द्यायला लागले. मग म्हणाला, भाजीत मीठ बेतानं घाल, त्याला बीपी आहे. मी बेतानं घालायला लागले.

"त्याला नव्हे. तिला," मी म्हटलं. "वर्षभर मी तिचं पथ्याचं जेवण करत होते."

मला वाटलं, आता कुणीतरी 'झालं ते झालं' म्हणेल. ते ऐकलं असतं तर मी रूळ फेकून मारला असता.

"डबा?" शेटेकाका म्हणाले. "तू केलेला डबा?"

"हो."

"पोळ्या पण?"

"पोळ्या, भाजी, कोशिंबीर. शनिवारी शिरा."

"शिरा!" मणेरचाचांच्या तोंडून आलं, आणि एरवी कधीच कुणाला न दिलेली एक शिवी त्यांनी दिली. उर्दूत होती, त्यामुळे फार सुंदर वाटली.

सरांनी चष्मा घातला, वर्गात हजेरीपट उघडल्यासारखे ताठ बसले.

"त्याचा पत्ता आहे का तुझ्याकडे?"

"कशाला, सर?"

"काही नाही. असावा आपला."

"मी फेकून दिलाय," मी म्हटलं. "सगळंच फेकून दिलं."

"माझ्याकडे आहे," आई म्हणाली. "तिचा पण आहे. उप्पीट खाऊन घ्या आधी, मग काढते."